चाफ्याच्या किनारीची फरशी

मी, गास्पार उइकाब सेतिना, वय वर्षे ऐंशी, धंदा सिमेंटच्या नक्षीच्या फरश्या पाडण्याचा, राहणार घर नंबर ५६८, रस्ता क्रमांक ५९, सांतियागो पेठ, मेरिदा शहर, प्रांत युकातान, देश मेक्सिको, हे मृत्युपत्र माझ्या घरात, माझ्या झुल्यात बसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डाव्या कानाने ऐकू येत नाही, पण लिहायला कान लागत नाहीत. कोणी धाक घातलेला नाही की लालूच दाखवलेली नाही. होटेल कंपनीच्या माणसाने परवा केक आणला होता आणि तो मी खाल्ला, पण त्यामुळे माझी मर्जी फिरलेली नाही, याची साक्षीदारांनी नोंद घ्यावी.

सप्टेंबरात आमच्याकडे नोटरी लोक अर्ध्या फीमध्ये मृत्युपत्रे करून देतात, त्यामुळे साऱ्या गावाला मरण सप्टेंबरातच आठवते. नोटरी सोकोरोबाई म्हणाल्या, "मेस्त्री, तुम्ही तुमच्या भाषेत लिहून आणा, मी कायद्याच्या भाषेत बसवते." मी म्हटले, "बसवा, पण माझा कागद फेकू नका, मागे टाचून ठेवा." त्यांनी ते कबूल केले आहे.

कलम १. वारस.

माझी पत्नी एल्सी सात वर्षांपूर्वी वारली. मला एकच अपत्य, मुलगी मिर्ना, वय एकोणपन्नास, धंदा आर्किटेक्ट, राहणार शहराच्या उत्तरेला, जिथे सगळ्या खिडक्या बंद आणि सगळी यंत्रे चालू असतात. गेली चार वर्षे मी तिच्याशी बोललेलो नाही. तरीही वारस तीच आहे. न बोलण्याचे कारण पुढे येईल. ते मला लिहावे लागणार आहे, म्हणूनच मी आधी सोपी कलमे उरकतो.

कलम २. घर व त्याच्या चतुःसीमा.

घर माझ्या आजोबांनी बांधले. रुंदी सात मीटर, लांबी बावन्न. भिंती चुन्या-दगडाच्या, छत उंच, पुढे बैठक, मग दोन खोल्या, मग अंगण, आणि अंगणामागे कारखाना. त्याच्या सीमा येणेप्रमाणे:

उत्तरेस रस्ता ५९. या रस्त्यावर संध्याकाळी घराघरांतून खुर्च्या बाहेर निघत आणि लोक वारा खात बसत. आता चाकांच्या बॅगा निघतात आणि त्यांचा आवाज माझ्या बहिऱ्या कानालाही टोचतो.

पश्चिमेस उम्बेर्तोचे घर होते. त्याने ते कंपनीला विकले. आता तिथे होटेलचा स्वागतकक्ष आहे आणि तिथली मुलगी मला रोज सकाळी हसून "मेरिदात आपलं स्वागत आहे" असे म्हणते. मी पाव आणायला निघालेला असतो.

दक्षिणेस होटेलचा पोहण्याचा तलाव. त्याची ओल माझ्या मागच्या भिंतीत मुरते आहे.

पूर्वेस साराविआ घराण्याची जुनी हवेली, हीही आता कंपनीची. माझ्या कारखान्याची पूर्वेकडची भिंत आणि हवेलीच्या जेवणाच्या दालनाची पश्चिमेकडची भिंत एकच आहे. त्या दालनातली फरशी फोडायला ९ ऑक्टोबरला हवेच्या दाबाने चालणाऱ्या घणांचे यंत्र येणार आहे. ही तारीख मी मुद्दाम लिहून ठेवतो, पुढे लागेल.

म्हणजे तिन्ही बाजूंनी होटेल आणि मध्ये मी, दात पडून राहिलेल्या एकट्या दाढेसारखा. कंपनीला माझे घर मिळाले की दोन्ही इमारती जोडता येतात. तिचे प्रतिनिधी श्री. आर्रियागा राजधानीहून येतात, घाम पुसत बसतात आणि दर वेळी तेच विचारतात.

"तब्येत कशी आहे, मेस्त्री?"

"तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरी."

"छे छे, आम्ही तर तुम्हाला शंभर वर्षं चिंततो."

"मग वीस वर्षांनी या. केक तेवढा आणत जा."

माणूस वाईट नाही. आणि खरे तेच लिहायचे म्हणून हेही लिहितो की होटेल येण्याआधी हवेलीत वटवाघळे होती, छतातून झाड उगवले होते आणि साराविआंचे चौदा वारस कोर्टात भांडत होते. अजून दोन पावसाळ्यांत छत खाली आले असते. कंपनीने छत वाचवले. दगड न् दगड धुऊन काढला. मी हे रस्त्यात कधी बोललो नाही, कारण मला होटेलचा राग करायची सवय झाली होती आणि म्हाताऱ्या माणसाला एक तरी राग रोज लागतो.

पण छत वाचले आणि माणसे गेली. डाव्या हाताचा शिंपी गेला, मक्याच्या टॉर्टिया भाजणारी गेली, नेफ्ताली मास्तर तेवढे उरले. कोणी दारावरून जाताना "कसे उठलात, मेस्त्री?" असे विचारत नाही. मला त्या प्रश्नाची फार आठवण येते. उत्तर ठरलेले असे, तरी ते द्यायला कोणीतरी लागते.

तर हे घर मी मिर्नाला देतो. तिने ते ठेवावे किंवा होटेलला विकावे. मी आर्रियागांना पाच वर्षे नाही म्हणत आलो ते माझ्यासाठी. मेल्यावर नाही म्हणत बसण्याची माझी इच्छा नाही. मात्र खालील अटी पाळाव्यात.

अट एक: भिंतींतल्या झुल्याच्या कड्या काढू नयेत. या घरात सव्वीस कड्या आहेत. होटेलवाल्यांनी उम्बेर्तोच्या घरातल्या कड्या उपटून भोके बुजवली आणि मग शोभेसाठी नव्या लावल्या, त्याही कमरेच्या उंचीवर आणि इतक्या जवळ की झुला जमिनीला टेकतो. पाहुणे त्यात सरळ लांबीत झोपतात, केळ्यासारखे वाकतात आणि सकाळी पाठ धरून औषध मागतात. झुल्यात तिरके झोपायचे असते. हे आमच्याकडे तान्ह्या मुलालाही कळते. तेव्हा ज्यांना हे माहीत नाही त्यांनी माझ्या कड्यांना हात लावू नये.

अट दोन: बैठकीतली फरशी घासायच्या यंत्राने घासू नये. आम्ही झुल्यात पडलो की एक पाय बाहेर सोडून टाचेने जमिनीला रेटा देतो, म्हणजे झुला हलत राहतो. खिडकीजवळच्या कडीखाली, भिंतीपासून सातव्या ओळीत, तांबड्या फुलाच्या एका लादीवर नाण्याएवढा फिका डाग आहे. ती एल्सीची टाच आहे. त्रेचाळीस वर्षे रोज दुपारी तिने तिथे रेटा दिला. ती गेल्यावर मी माझा झुला त्या कडीला बांधून पाहिला, पण माझा पाय लांब आहे, तो पुढच्या लादीवर पडतो. मग मी तो परत माझ्या जागी नेला. तिथे पुसायचे असेल तर हाताने ओले फडके फिरवावे.

अट तीन: संध्याकाळी साडेपाचला पुढच्या दाराबाहेर दोन खुर्च्या मांडाव्यात. बसायला कोणी नसले तरी मांडाव्यात.

कलम ३. हत्यारे.

हाताने दाबायचे प्रेस, पितळी साचे एकशे बारा, रंगाच्या कढया, भिजवण्याचा हौद, हे सर्व विल्बर्ट कान्चे याला. तो माझ्याकडे एकतीस वर्षे आहे. साच्याच्या कप्प्यांत रंग ओतून झाला की श्वास रोखून साचा सरळ वर उचलावा लागतो. हात हलला की रंग एकमेकांत मिसळले. विल्बर्टचा हात एकतीस वर्षांत हलला नाही, फक्त त्याच्या लग्नाच्या आदल्या दिवशी हलला. सध्या त्याला हवेलीतही काम आहे, जुन्या फरश्या जुळवून देण्याचे. त्याने ते घेण्याआधी मला विचारले होते. मी म्हटले, "घे, पोट तुझं आहे." मुलीला मात्र मी असे म्हटले नव्हते.

कलम ४. उम्बेर्तो.

माझी लाकडी शिडी १९९१ सालापासून उम्बेर्तोकडे आहे. घर विकून उत्तरेला गेला तेव्हा ती त्याने बरोबर नेली. ती शिडी मी त्याला या मृत्युपत्राने देत आहे, म्हणजे आता त्याला ती लपवावी लागणार नाही. शिवाय सांगतो की घर विकल्यावर मी त्याला रस्त्यात "पळपुटा" म्हणालो, ते मागे घेतो. त्याची बायको जिना चढू शकत नव्हती आणि मला ते माहीत होते. उम्बेर्तो, तू गेलास तेव्हापासून मी डॉमिनो खेळलेलो नाही. तुझ्यासारखा लबाड खेळणारा या पेठेत दुसरा नाही.

कलम ५. हवेलीच्या जेवणाच्या दालनातील फरशी.

ही वस्तू माझ्या मालकीची नाही, तरी तिची वाट मीच लावणे भाग आहे, कारण ती कुठे आहे हे जिवंत माणसांत फक्त मला ठाऊक आहे.

माझे वडील आउदोमारो उइकाब यांनी १९३८ साली साराविआंच्या त्या दालनात फरशी घातली. निळसर राखी जमीन आणि भोवती चाफ्याच्या फुलांची किनार, प्रत्येक पाकळी देठाकडे पिवळी आणि टोकाकडे पांढरी होत गेलेली. सिमेंटच्या लादीत दोन रंग असे एकमेकांत विरघळवणे कोणाला जमत नाही. मला जमलेले नाही. साराविआबाईंना तशी फरशी दुसऱ्या घरात नको होती, म्हणून काम झाल्यावर साचा वितळवला. लोक ती बघायला रविवारी येत आणि वडील दाराशी उभे राहून आपण कोणीच नाही असे दाखवत.

१९७४ साली हवेली एका वकिलाने साराविआंकडून भाडेपट्ट्याने घेतली आणि तिचे होटेल करायचे ठरवले. म्हणजे होटेल आमच्या शेजारी पहिल्यांदा आलेले नाही; ते पुढे बंद पडले. त्याला जुने काही नको होते. ठिपक्यांची चकचकीत मोझेक हवी होती, परदेशी होटेलात असते तशी. तेव्हा आमच्या फरश्या कोणी घेत नव्हते, प्रेस चार महिने बंद होते आणि एल्सीला सहावा महिना होता. वकील म्हणाला, जुनी उखड आणि नवी घाल. मी हो म्हटले.

वडिलांना कळले तेव्हा कारखान्यात सगळे कामगार होते.

"फोडणार कोण?" त्यांनी विचारले.

"मीच. परक्या माणसानं फोडण्यापेक्षा मी."

"मी तुझ्या हातात साचा दिला होता रे. पहार कोणी दिली?"

एवढेच बोलले. त्या दिवशी त्यांनी बैठकीतला आपला झुला सोडला आणि मागे कारखान्यात, पूर्वेकडच्या भिंतीला नेऊन बांधला. जेवायला आत येत, एल्सीशी बोलत, मिर्ना झाल्यावर तिला तासन्‌तास झुलवत. माझ्याशी मात्र कामापुरते. "हौदात पाणी घाल." "साचा धुतला नाहीस." चार वर्षे हेच.

आता जे मी कोणाही जिवंत माणसाला सांगितलेले नाही ते लिहितो. मी ती फरशी फोडली नाही.

दालनाचे दार आतून लावून मी तिच्यावर दोन बोटे कोरडी चाळलेली वाळू अंथरली आणि वर मोझेकच्या लाद्या ठेवल्या, सांध्यांत नुसता पातळ चुना, सिमेंटचा कण नाही. वकिलाला दाखवायला राडारोडा हवा होता. आमच्या अंगणात बिघडलेल्या लाद्यांचा कित्येक वर्षांचा ढीग होता. दुपारी सारे गाव वामकुक्षी घेत झुल्यात पडलेले असे, तेव्हा मी रोज दोन ढकलगाड्या भरून तो ढीग हवेलीच्या फाटकात नेऊन ओतला. अकरा दिवस. वकील आला, राडारोडा बघितला, माझ्या पाठीवर थाप मारून गेला. वाळू आणि लादी मिळून जमीन चार बोटे वर आली, म्हणून सुताराने दारे खालून तेवढी तासून दिली. तो माझा जिवलग होता आणि आता नाही.

वडिलांना का सांगितले नाही? कारण त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. सांतियागोच्या बाकावर बसले की संध्याकाळपर्यंत न्हाव्याला कळले असते आणि वकिलाने मला सगळे उपसायला लावले असते. मी ठरवले, होटेल उघडले की सांगू. होटेल उघडले तेव्हा मला त्यांच्या शब्दांचा राग आला होता. वाटले, माझ्याबद्दल असे यांना वाटलेच कसे? आधी त्यांनी बोलावे. त्यांनाही बहुधा तसेच वाटत होते. आम्ही दोघे रोज एकाच प्रेसवर, एकमेकांच्या हाताला हात लागेल इतक्या जवळ उभे राहून काम केले.

१९७८ साली त्यांना झटका आला आणि वाचा गेली. शेवटच्या दुपारी मी त्यांच्या झुल्याशी गुडघ्यावर बसलो आणि कानात सगळे सांगितले. वाळू, चुना, ढीग, सगळे. ऐकता ऐकता त्यांनी टाचेने जमिनीला एक रेटा दिला आणि झुला हलला. पण तसे ते झोपेतही करत असत. ते ऐकत होते की झोपेत होते हे मला पंचेचाळीस वर्षांत ठरवता आलेले नाही. दुपार झाली की मी अजून तेच ठरवत पडतो.

कलम ६. मिर्नाशी न बोलण्याचे कारण.

२०१९ साली मिर्ना नकाशांची गुंडाळी घेऊन आली. कंपनीने हवेलीचे काम तिला दिले होते. मी विचारले, "आपल्या पेठेचं होटेल तू करणार?"

ती म्हणाली, "पप्पा, ते होणारच आहे. मी नाही म्हटलं तर राजधानीहून कोणीतरी येईल, पुढची भिंत ठेवेल आणि आतलं सगळं सपाट करेल. मग मीच का नको?"

मी म्हणालो, "तुला शिकवलं ते घरं बांधायला. पहार कोणी दिली तुझ्या हातात?"

शब्द माझे नव्हते, हे मला आज लिहिताना दिसते आहे. तेव्हा ते असे सहज तोंडातून आले की जणू मीच घडवले होते. तिने नकाशे गुंडाळले, स्वयंपाकघरात जाऊन आईच्या फोटोपुढची फुले बदलली आणि गेली. ती दर रविवारी फोन करायची. मी उचलायचा नाही. वर्षभराने फोन थांबले. आता रविवारी फोन वाजला की मी धावतो आणि तो कोणीतरी पंखे विकणारा असतो.

विल्बर्ट मला न विचारता तिकडच्या बातम्या देतो. तिने म्हणे हवेलीतल्या सगळ्या कड्या जागच्या जागी राखल्या. नळ भिंतीत खोदून न घालता बाहेरून नेले, त्यावरून आर्रियागांशी कडाडून भांडली. "आणि मेस्त्री," तो म्हणाला, "ते घणाचं यंत्र दोनदा आलं असतं. मॅडमनीच पुढे ढकललं. एकदा कागद हरवले म्हणाल्या, एकदा पाऊस म्हणाल्या. पाऊस कुठे होता?" आता तिसऱ्यांदा ढकलता येणार नाही. वकिलाची मोझेक जुनी नाही, सुंदर नाही, तिला राखायचे कोणाला कारण नाही. घण पडले की खालचा चाफाही जाणार.

मी चार वर्षांत तिला एकदाही विचारले नाही की तू नक्की काय करते आहेस. मला कोणी विचारले नव्हते याचे दुःख मी आयुष्यभर बाळगले आणि तेच तिच्या पदरात घातले. मिर्ना, मी चुकलो. याला कलमाचा नंबर लागत नाही.

तर मिर्नाने दालनाच्या खिडकीशेजारची पहिली लादी पातळ छिन्नीने उचलावी. घण लावू नये. पुढे काय करायचे ते तिने ठरवावे.

कलम ७. दुरुस्ती.

वरचे लिहून झाल्यावर मी नोटरी सोकोरोबाईंना फोन केला.

"बाई, हे मृत्युपत्र उघडणार कधी?"

"तुम्ही गेल्यावर, मेस्त्री. आणखी कधी?"

"आणि मी नऊ ऑक्टोबरच्या आत गेलो नाही तर?"

"तर तुमचं अभिनंदन," त्या म्हणाल्या.

म्हणजे पाचवे कलम मरून सांगता येत नाही. मी हा कागद लिहायला बसलो तो बहुधा याच आशेने की तोंडाने सांगावे लागू नये. वडिलांनाही मी ते कधी सांगितले, तर त्यांना उत्तर देता येत नव्हते तेव्हा. मला मरणाची विशेष भीती वाटत नाही. या फोनची वाटते. तिने उचलला नाही तर ते माझेच शिकवणे आहे.

येथवर लिहिलेले मी वाचून पाहिले, बरोबर आहे.

ठिकाण मेरिदा, दिनांक १८ सप्टेंबर २०२३, सोमवार.
सही: गास्पार उइकाब सेतिना

साक्षीदार:
१. नेफ्ताली तामायो, निवृत्त शिक्षक. (शुद्धलेखनाच्या चुका यांनी काढल्या. चार ठिकाणी मी ऐकले नाही.)
२. नेल्मी काउइच, सांतियागो मंडईत खाद्यपदार्थांचा गाळा. (सही करताना रडल्या. कागद वाचू नका असे मी त्यांना सांगितले होते.)

पुरवणी, दिनांक २५ सप्टेंबर २०२३, सोमवार.

काल, रविवारी, मिर्नाने फोन पहिल्याच घंटीला उचलला. मी म्हटले, "मी बोलतोय." ती म्हणाली, "माहितीये. पडलात का कुठे?" मी म्हटले, "नाही. एक छिन्नी घेऊन ये, पातळ."

होटेलचे काम रविवारी बंद असते. तिच्याकडे किल्ल्या होत्या. मी त्या दालनात एकोणपन्नास वर्षांनी पाय ठेवला. खिडकीशेजारच्या लादीच्या सांध्यात तिने छिन्नी घातली आणि लादी डब्याच्या झाकणासारखी निघाली. खाली वाळू, अजून कोरडी. तिने हाताने वाळू बाजूला केली, मग ओढणीने पुसले. पाकळी टोकाला पांढरी होती आणि देठाकडे पिवळी, आणि कुठे बदलते ते आजही दिसत नव्हते. तिने चपला काढल्या आणि अनवाणी त्यावर उभी राहिली.

"दारं," ती म्हणाली. "दोन वर्षं मी विचार करतेय, ही दारं खालून चार बोटं का तासलीत. बाकी घरात एकही नाही. म्हणूनच मी यंत्र थांबवत होते. तुम्हाला विचारायचं होतं, पण फोन कोण उचलणार?"

मी तिला सगळे सांगितले. ती वाळूत बसून ऐकत होती. मी विचारले, "आता तुझे आर्रियागा काय करतील?"

"उड्या मारतील. फोटो काढून भिंतीभर लावतील."

"आणि चपला घालून माणसं फिरणार यावरून."

"पप्पा, फरशी आहे ती. आजोबांनी चालायलाच घातली होती ना?"

मग ती उठली, पश्चिमेकडच्या भिंतीजवळ गेली आणि छिन्नीच्या दांड्याने तिच्यावर दोनदा ठोकले.

"पलीकडे आपला कारखाना ना?"

"हो."

"अकरा दिवस तुम्ही इथे फोडकाम करत होतात म्हणे. आजोबा पलीकडे होते. पहारीचा एक आवाज त्यांना आला नसेल, आणि त्यांना काही वाटलं नसेल? अंगणातला ढीग रोज कमी होत होता, तो त्यांना दिसला नसेल? फरशीवाल्या माणसाला?"

मी म्हटले, "त्यांनी रागानं झुला तिकडे नेला."

"नेला हो," ती म्हणाली. "घरात सव्वीस कड्या. त्यांनी हीच भिंत का निवडली?"

ऐंशी वर्षांच्या माणसाला हे सुचू नये, याची मला लाज वाटते. खरे काय ते आता कोणालाच सांगता येणार नाही, हेही मला कळते. पण मी आज दुपारी झुला बैठकीतून सोडला आणि कारखान्यात, वडिलांच्या कड्यांना बांधला.

सबब मी मृत्युपत्रात पुढील बदल करतो. घराबद्दलच्या तिन्ही अटी रद्द. मिर्नाला त्या सांगाव्या लागत नाहीत. खुर्च्यांबद्दल ती म्हणाली की साडेपाचला ती रोज इथेच कामावर असते, तर एक खुर्ची तिची. कालपासून दोन्ही भरलेल्या असतात. स्वागतकक्षातली मुलगी काल काम संपवून निघताना थांबली आणि म्हणाली, "कसे उठलात, मेस्त्री?" संध्याकाळ होती, तरी मी उत्तर दिले.

पाचवे कलम पूर्ण झाले म्हणून काढून टाकावे, असे नोटरीबाई म्हणतात. ते राहू द्यावे.

हे मी झुल्यात पडून लिहितो आहे. भिंतीपलीकडे मिर्ना दुसरी लादी उचलते आहे. छिन्नीची एकेक टकटक मला इथे स्पष्ट ऐकू येते, एका कानाने सुद्धा.

ठिकाण मेरिदा, कारखाना, पूर्वेकडची भिंत.
सही: गास्पार उइकाब सेतिना
साक्षीदार तेच, वरीलप्रमाणे. नेल्मीबाईंनी या वेळी कागद आधी वाचला आणि मग सही केली.